गाडी लावायला जागा

भीमराव गाळे बांधतायत, ही बातमी अंबरनाथच्या त्यांच्या सोसायटीत पसरली ती त्यांच्याच तोंडून. खालच्या मजल्यावरच्या प्रमोदने एकदा जिन्यात विचारलं, "काका, हल्ली सकाळी सकाळी गाडी काढून कुठं?" भीमराव म्हणाले, "चामटोलीला. जरा गाळे काढतोय तिथं. तीन." एवढं बोलून ते नेहमीसारखे नजर खाली घालून उतरून गेले. संध्याकाळपर्यंत सोसायटीत सगळ्यांना कळलं, की इतकी वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या ह्या माणसाने शेवटी डोकं चालवलं, आता भाडं खाईल आणि आरामात राहील.

भीमरावांच्या मनात भाड्याचा विचारही नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. त्या कारखान्यात गाळा म्हणजे लोखंडी खांबांच्या दोन ओळींमधली जागा. पहिल्या गाळ्यात कापणी, दुसऱ्यात वेल्डिंग, तिसऱ्यात जोडणी. फाटकाबाहेर मात्र, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुणालाही विचारा, गाळा म्हणजे पुढे शटर आणि वर पाटी असलेली, भाड्याने लावायची जागा. हे भीमरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शब्द तोंडात बसला की बसला. शिवाय तो त्यांना सोयीचाही होता. मुलांच्या गाड्यांसाठी घर बांधतोय, असं चारचौघांत सांगायची त्यांना लाजच वाटली असती.

कारण खरं तेच होतं.

त्यांची बायको चांगुणा अडीच वर्षांपूर्वी पुण्याला गेली होती, मुलाकडे, तीन महिन्यांसाठी. नरेंद्रला मुलगी झाली होती, किर्ती. नरेंद्र आणि प्रीती दोघंही नोकरीवाले. बाळाला सांभाळणार कोण? तीन महिन्यांचे सहा झाले, मग किर्ती चालायला लागली, मग बोलायला लागली, आणि चांगुणा परत येण्याचं कुणी बोलेनासं झालं. भीमराव दोनदा तिकडे राहून आले. नरेंद्रच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात त्यांना हाताला काही काम सापडेना. दोन्ही वेळा आठव्या दिवशी ते परतले.

मग मागच्या दिवाळीत सगळे अंबरनाथला आले. चार दिवसांसाठी आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. नरेंद्रची नवी गाडी मोठी. सोसायटीच्या आवारात पाच गाड्यांची जागा, ती पाच जणांनी आपापले नंबर रंगवून धरलेली. नरेंद्रने गाडी रस्त्यावर गटाराच्या कडेला लावली. सकाळी बघतो तर कुणीतरी दोन्ही वायपर वाकवून ठेवलेले. जाताना दार लावता लावता तो म्हणाला, "पप्पा, इथं गाडी लावायलाच जागा नाही. राहायचं कसं, तुम्हीच सांगा."

ते वाक्य भीमरावांच्या डोक्यात बसलं. जन्मभर ते तक्रारींवर जगलेले. कुणी म्हटलं, हे घासतंय, की कानस घ्यायची. कुणी म्हटलं, हे हलतंय, की पाना घ्यायचा. मशीन खोटं बोलत नाही आणि मशीनवरचा माणूसही सहसा बोलत नाही, असा त्यांचा अनुभव. गाडी लावायला जागा नाही म्हणजे जागा केली पाहिजे. ह्यात आणखी विचार करण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही.

बदलापूरजवळ चामटोलीला त्यांचा तीन गुंठ्यांचा तुकडा होता, निवृत्त झाल्यावर घेतलेला. ते आलेखाच्या कागदाची वही घेऊन बसले. तीन गाळे, प्रत्येक बारा फूट रुंद. एक स्वतःच्या जुन्या मारुतीला, एक नरेंद्रला, एक मैत्रेयीला. मैत्रेयी म्हणजे त्यांची मुलगी, नाशिकला असते, तिनेही सेकंडहँड गाडी घेतली होती. गाड्यांच्या मागे दहा फूट काम करायला: लाकडी बाक, त्यावर काम घट्ट धरायला व्हाइस, भिंतीवर हत्यारं. मधल्या गाळ्यात खड्डा, गाडीच्या खाली उभं राहून काम करता यावं म्हणून. नरेंद्रच्या गाडीची लांबीरुंदी त्यांनी फोनवर शोधून काढली, आणि मग डाव्या बाजूला दीड फूट जास्त धरलं. चांगुणाचे गुडघे दुखतात. तिला उतरताना दार पूर्ण उघडता आलं पाहिजे.

काम घेतलं नवसूने. नवसू डोंगराकडच्या वाडीतला गवंडी, पन्नाशीचा, सडसडीत. त्याची बायको बाळी त्याच्याबरोबर माल कालवायची आणि त्याच्यापेक्षा दुप्पट बोलायची.

पहिल्या दिवशी चर खणायच्या आधी नवसू इकडे तिकडे बघत उभा राहिला. "दादा, नारल नाय आनला?"

"आमच्यात नाही फोडत."

"मंग काय करता तुमी?"

"वंदना घेतो."

"येकट्यानंच?" बाळीने विचारलं.

"एकट्यानेही चालते," भीमराव म्हणाले. त्यांनी विटेवर मेणबत्ती लावली, हात जोडले आणि त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला ते अडखळले. विसरले नव्हते. घरी नेहमी चांगुणा पुढे म्हणायची आणि ते तिच्या मागून. पुढे म्हणायचा आवाज त्यांच्यापाशी नव्हताच. तरी त्यांनी पुटपुटत पुरं केलं. बाळी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली होती, संपल्यावर म्हणाली, "ग्वाड हाय. पन जरा मोठ्यानं म्हनायचं, दादा. भुईला आयकू जायाला नको?"

काम चालू झालं तसे भीमराव सकाळी आठला हजर होऊ लागले. जमिनीचा उतार काढायचा होता, दहा फुटाला एक इंच, म्हणजे गाडी धुतली की पाणी आपोआप पुढे जाईल. त्यासाठी पाण्याची पारदर्शक नळी दोन टोकांना दोघांनी धरायची आणि दोन्हीकडचं पाणी कुठे थांबतं ते बघायचं. एक टोक बाळी धरायची, दुसरं भीमराव. ती तिकडून ओरडायची, "थांबला का पानी?" आणि ते इकडून हात वर करायचे. ओरडायची त्यांना सवय नव्हती.

खड्डा खणताना नवसू आत उभा राहून म्हणाला, "साडेचार फूट खोल, तीन फूट रुंद. दादा, कोनाला पुरायचा हाय ह्यात?"

भीमराव मोठ्याने हसले. आपला हसण्याचा आवाज ऐकून ते स्वतःच दचकले. किती दिवसांनी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"पुरायचं नाही रे. आत उभं राहिलं की गाडीचं पोट बरोबर हाताशी येतं."

"आनि मधी भिंती नाय घालायच्या? तिन्ही गाले येकच ठेवायचे?"

"एकच."

"भाड्याची मानसं भांडतील."

बाळी घमेलं उचलत म्हणाली, "दादांचं भाडेकरू लई गुनाचं असतील. तुला काय त्याचं? तू आपली ईट लाव."

चांगुणाचा फोन रोज अकराच्या सुमारास यायचा, किर्ती झोपली की. तो साधारण असा व्हायचा.

"काय करताय?"

"गाळ्यांचं प्लास्टर."

"जेवण?"

"डबा आणलाय."

"उन्हात बसू नका."

"नाही बसत."

मग दोन्हीकडे थोडा वेळ पंख्याचा नाहीतर वाऱ्याचा आवाज, आणि फोन संपायचा. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचं बोलणं कधी ह्याहून लांब नव्हतंच, पण तेव्हा दोघं एका खोलीत असायची.

शटरं सांगायला ते उल्हासनगरला गेले, कॅम्प तीनच्या बाजाराच्या मागल्या गल्लीत. दुकान जयदेवशेठचं. जयदेवशेठने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि मापांचा कागद बघून विचारलं, "किराये पे देनेवाला है ना, साईं? मग साधा पत्रा घ्या. भाडेकरू लोक सांभाळत नाही. दो साल में ठोक ठोक के वाट लावतात."

"नको. जरा चांगलेच द्या."

"तीनो?"

"तिन्ही." भीमरावांनी चहाचा कप उगाच फिरवला. "आवाज कमी होईल, असं काही असतं का?"

"आवाज?" जयदेवशेठ खुर्चीत मागे रेलला. "अरे साईं, शटर आहे, सतार नाही. आवाज तर करणारच. आत कोण झोपलेला असतो, त्याला उठवायची भीती वाटते?"

पुण्याहून अडीच-तीन तासांचा रस्ता. येईपर्यंत किर्ती गाडीत झोपलेली असणार, आणि शटर खडखडलं की दचकून उठणार. भीमरावांच्या मनात होतं ते हे. पण त्यांचे कान लाल झाले आणि ते एवढंच म्हणाले, "नाही, सहज विचारलं."

"ग्रीसिंग ठीक से करवा देतो," जयदेवशेठ म्हणाला. त्याला म्हाताऱ्याची दया आली असावी. "लोण्यासारखा जाईल वर."

एप्रिलपर्यंत सगळं उभं राहिलं. फरशी घोटून गुळगुळीत झाली. बाकाला जुन्या सागाची फळी मिळाली. भिंतीवर प्लायवूड ठोकून त्यांनी प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगाने काढली, म्हणजे कुठला पाना कुठे टांगायचा ते नव्या माणसालाही कळावं. नवा माणूस म्हणजे कोण, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

चौदा एप्रिलला नरेंद्र येईल असं त्यांना वाटत होतं. नाही जमलं त्याला. पण दोन दिवसांनी त्याचा स्वतःहून फोन आला. हेच मुळात नवल.

"पप्पा, गाळे तयार झाले म्हणे?"

"झाले."

"मग रविवारी येतो. अकरापर्यंत. जेवायचं काही करू नका, बघून लगेच निघायचंय."

"ये," भीमराव म्हणाले. फोन ठेवल्यावर ते परत एकदा म्हणाले, "ये की."

शनिवारी त्यांनी फरशी धुतली. पाणी ठरल्याप्रमाणे पुढे वाहत गेलं, कुठे साचलं नाही. स्वतःची मारुती त्यांनी शेवटच्या गाळ्यात अगदी भिंतीला चिकटवून लावली आणि पहिला गाळा रिकामा ठेवला. रविवारी नऊपासून ते फाटकाशी उभे होते. तिन्ही शटरं वर होती.

अकराला पाच मिनिटं असताना एक पांढरी व्हॅन वळून फाटकाशी थांबली. डाव्या बाजूने नरेंद्र उतरला. चालवणारा गडी ओळखीचा नव्हता: जाडसर, हसतमुख, खिशाला दोन पेनं. भीमरावांनी व्हॅनच्या मागे रस्त्यावर बघितलं. मागून काही येत नव्हतं.

"तुझी गाडी?"

"ती कशाला आणायची? कल्याणपर्यंत ट्रेननं आलो, हिरामणभाऊ येतच होते इकडं."

"आणि तुझी आई?"

"आई घरीच. किर्तीला ऊन लागेल म्हणाली. पप्पा, हे हिरामण. माझ्या मित्राचे मोठे भाऊ, कल्याणला असतात."

"जय भीम, काका," हिरामण म्हणाला.

"जय भीम. गाडी आत घ्या ना. जागा आहे."

"असू द्या, काका. लगेच निघायचंय."

व्हॅन बाहेर उन्हातच राहिली. हिरामण आत आला आणि कमरेवर हात ठेवून छताकडे बघत राहिला. "वा, नरेंद्र. उंची मस्त आहे रे." मग त्याने पावलं टाकत रुंदी मोजली. "छत्तीस फूट. कागदी प्लेटांची दोन मशीनं आरामात बसतील. तिसऱ्यात माल. फक्त काका, मध्ये भिंती लागतील हां. माल एकीकडं, धूळ एकीकडं, असं करावं लागतं." तो मधल्या गाळ्यापाशी आला आणि टाचांवर थबकला. "अरे बाप रे! हे काय?"

"खड्डा आहे," भीमराव म्हणाले.

"ते दिसतंय. माझी बायको येणार इथं माल मोजायला. ती पडली ना ह्यात, तर सासरवाडीचे मलाही आत ढकलतील, वर येऊ देणार नाहीत." तो स्वतःच हसला. "बुजवून द्याल ना?"

"देतील," नरेंद्र म्हणाला. तो खुशीत होता. भीमरावांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आई म्हणाली, पप्पा गाळे काढतायत. मी म्हटलं, बांधतील ते झकास, पण भाडेकरू कोण शोधणार? पप्पा जाऊन बोलणार कुणाशी? म्हणून मीच शोधला. माणूस खात्रीचा आहे. आणि रोज इथं कुणीतरी असेल, तुम्हालाही सोबत."

मुलाने आपल्यासाठी काहीतरी केलं होतं. स्वतःहून, रविवार मोडून. भीमरावांना त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. आणि त्याच वेळी त्यांना दिसत होतं, की आता मान हलवली की खड्डा बुजणार, भिंती उभ्या राहणार आणि पहिल्या गाळ्यात कागदी प्लेटांचे गठ्ठे लागणार. मान हलवणं सोपं होतं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

"हे भाड्याचं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"भाड्याने द्यायचं नाही हे."

हिरामणने एकदा बापाकडे, एकदा लेकाकडे बघितलं. "मी जरा पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि बाहेरच्या नळाकडे गेला. शहाणा माणूस.

नरेंद्रचा चेहरा उतरला. "पप्पा, मी त्यांना कल्याणहून घेऊन आलोय. मी त्यांना शब्द दिलाय आणि आता... मग गाळे बांधलेत कशाला?"

"गाड्यांसाठी."

"कुणाच्या गाड्या?"

भीमरावांनी हात केला. "हा तुझा. मधला मैत्रेयीचा, खड्डा मात्र दोघांना. तो माझा. माझी काय, बाहेरही राहील."

नरेंद्रने हिरामण ऐकत नाही ना, ते वळून बघितलं.

"तू म्हणाला होतास," भीमराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की नरेंद्रला पुढे वाकावं लागलं. "मागच्या दिवाळीत. गाडी लावायलाच जागा नाही, राहायचं कसं."

नरेंद्रला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्याने डोळे मिटले. "पप्पा, ते मी..." असं म्हणून तो थांबला. मग त्याने जागा पहिल्यांदा नीट बघितली: घोटलेली फरशी, बाक, भिंतीवरच्या काळ्या बाह्यरेषा. बराच वेळ बघितली. आणि मग त्याने विचारलं, रागाने नव्हे, खरोखरच कळत नसल्यासारखं, "आणि गाडी लावून झाल्यावर?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी लावली. मी उतरलो, प्रीती उतरली, आई किर्तीला घेऊन उतरली. पुढं? आम्ही जायचं कुठं? किर्तीचं दूध कुठं तापवायचं? आई पाय पसरणार कुठं? परत अंबरनाथला जायचं, गाडी घेऊन?"

वहीतलं प्रत्येक पान भीमरावांना तोंडपाठ होतं. चाकं कुठे येतील, दार किती उघडेल, जॅक कुठे बसेल, पाणी कुठून वाहील. चांगुणा दार उघडून उतरते तिथपर्यंतचा इंच न् इंच त्यांनी मोजला होता. उतरलेल्या माणसासाठी अख्ख्या वहीत एक चौकोन नव्हता. घर मागाहून बांधू, असंही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. उरलेली सगळी जागा गाड्या वळवायला धरली होती. साधी मोरी नव्हती. पाच महिने ते स्वतः बाहेरच्या नळावर आणि शेजारच्या शेताडीवर भागवत आले होते आणि त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ते राहिलंच," ते म्हणाले.

नरेंद्र हसला, पण ते हसू पुरं झालं नाही. त्याने भिंतीवरचा एक पाना काढून हातात तोलला. "खरं सांगू? त्या दिवशी गाडीचं नव्हतं. म्हणजे वायपरचा राग आला होता, पण त्याच्यासाठी कोण परत जातं? दोन दिवस मी हॉलमध्ये बसून होतो, पप्पा. मोबाइल बाजूला ठेवून. तुम्ही यायचात, चहा ठेवायचात आणि आत जायचात. परत यायचात, कप उचलायचात. मला वाटलं, आपल्यामुळं ह्यांना अडचण होतेय."

"मला वाटलं, तू दमून आलायस," भीमराव म्हणाले. "म्हटलं, पडू द्यावं."

दोघंही मग खड्ड्याकडे बघत उभे राहिले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. कुठून धरायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. लेक ह्या बाबतीत बापावरच गेला होता. शेवटी नरेंद्रने विचारलं, "खाली उतरायला पायऱ्या आहेत?" "आहेत. पाच," भीमराव म्हणाले. तेवढ्यात बाहेरून हिरामणने विचारलं, "नरेंद्र, निघायचं का रे? कल्याणला जेवायला थांबलेत." नरेंद्रने पाना परत टांगला, भलत्याच पान्याच्या रेषेवर, आणि बापाच्या दंडाला हात लावून म्हणाला, "बघतो. सुट्टी मिळाली की बघतो."

"काका, विचार बदलला तर फोन मारा," हिरामण व्हॅनमधून म्हणाला. "मी काय रागवत नाही. पण खड्डा लई भारी बांधलाय हां."

व्हॅन गेली. भीमरावांनी तिन्ही शटरं खाली ओढली. लोण्यासारखी आली.

सोमवारी त्यांनी नवसूला बोलावलं. पहिल्या गाळ्यात उभे राहून ते म्हणाले, "इथे भिंत घाल. शटर काढायचं, तिथे दार आणि खिडकी. आत एक खोली, मोरी आणि ओटा."

नवसूने डोकं खाजवलं. "आनि गाडी?"

"राहील बाहेर झाडाखाली."

"आधी सांगितला असतात तर येवढी फरशी घोटली नसती, दादा."

"आधी कळलं असतं तर सांगितलं असतं."

बाळी दोरी धरून भिंतीपाशी गेली. "वटा किती उंच?"

"तीस इंच कर," नवसू म्हणाला.

"तू गप. वट्याचा माप बाप्यानं सांगायचा नसतो. उभी कोन र्‍हानार त्याच्याम्होरं? वैनींना इचारा, दादा."

अकरा वाजायला अवकाश होता. भीमरावांनी स्वतः फोन लावला. असं ते सहसा करत नसत, त्यामुळे चांगुणाने पहिलं वाक्य घाबरूनच म्हटलं.

"काय झालं? बरंय ना?"

"बरंय. ओटा किती उंच हवा?"

"कसला ओटा?"

"स्वयंपाकाचा."

"गाळ्यात ओटा कशाला? भाडेकरूनं मागितला?"

नवसू विचारतोय, असं सांगून सुटता आलं असतं. जिभेच्या टोकावर तेच होतं. बाळी चार हातांच्या अंतरावर दोरी धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"भाडेकरू नाही," भीमराव म्हणाले. "तुला. तू आलीस तर, म्हणून."

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली, आणि चांगुणा म्हणाली, "नरेंद्र कालपासून गप्प गप्प आहे. तरी म्हटलं." मग ती म्हणाली, "आपल्या अंबरनाथच्या ओट्याचं माप मला आता आठवतही नाही हो. हाताला इथल्याचीच सवय झालीय. थांबा, बघते."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. भीमरावांना तिची पावलं ऐकू आली, मग एक खण उघडल्याचा आवाज. एकच खण. टेप त्या घरात कुठे असते ते तिला बरोबर माहीत होतं. किर्तीचा आवाज आला, "आजी, काय मोजतेश?" आणि चांगुणाचा, "धर गं ते टोक. सोडू नकोस."

"तेहतीस," ती फोनवर येऊन म्हणाली. "लिहून घेतलंत?"

"घेतलं." भीमरावांनी भिंतीवर खडूने आकडा काढला. आता ती फोन ठेवणार, हे त्यांना कळलं आणि ते घाईने म्हणाले, "आणि मोरी? मोरी कुठल्या हाताला काढू?"

"मोरीचं काय... उजेड कुठून येतो तिथं?"

"सकाळी मागून. दुपारनंतर पुढून. मागे शेत आहे. चिंचेचं एक झाड आहे, त्याची सावली साधारण दोनपर्यंत..." ते सांगत राहिले. किती वेळ, त्यांनाही कळलं नाही. बाळीने दोरी खाली ठेवली आणि ती पायावर पाय टाकून बसली.

"उद्या सांगते विचार करून," चांगुणा शेवटी म्हणाली. "हिला भरवायची वेळ झाली." आणि फोन बंद झाला.

"काय बोलल्या वैनी?" नवसूने विचारलं.

"तेहतीस."

"ता आयकला मी. येनार कवा?"

भीमराव फोनकडे बघत होते. "ते विचारायचं राहिलं," ते म्हणाले.